रामाच्या वडलांचं नाव

मु. कुरवंडे, लोणावळ्याजवळ
गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी, सन १९७७

आदरणीय महिपतीआबा यांच्या पायाशी,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा दशरथ याचा दोन्ही हात जोडून आणि (तिथून दिसत नसली तरी) मान खाली घालून दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला उतरला का? खाचरात पाणी ठरलं का, म्हैस व्याली का, आणि मुख्य म्हणजे तुमचा राग (हा शब्द खोडायचा होता, पण ओला कागद फाटेल या भीतीनं तसाच ठेवला). तिकडची सगळी मंडळी खुशाल असतील. त्यात आता तुमची बहीणही आली. भर उत्सवातून बोचकं उचलून ती कान्ह्याच्या स्टेशनात उतरली आणि पुढे चालत निघाली, एवढं मला कळलं आहे. ती सुखरूप पोचली असणार, कारण त्या वेळच्या तिच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटेत अडवील असा माणूस किंवा जनावर आख्ख्या आंदर मावळात नाही. ती परत येते की नाही या धास्तीनं मात्र मी इथे वाळत चाललो आहे. तिनं तुम्हाला तिच्या बाजूनं सगळं सांगितलं असेल. (किंवा काहीच सांगितलं नसेल. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.) म्हणून माझी बाजू लिहितो, ती मनात वाचावी ही विनंती.

याचं मूळ टीव्हीत आहे. मी तुंगार्लीला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईचं टीव्ही केंद्र सुरू झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी शेठनी बंगल्यावर टीव्ही आणला. चार पायांचा, पुढे सरकती दारं, आणि दारांना कुलूप. (ज्या वस्तूला एवढा बंदोबस्त करावा लागतो तिच्याजवळ जायला मला आवडत नाही.) आपल्याकडे मध्ये घाट, त्यामुळे चित्र धड येत नसे. तेव्हा शेठनी छपरावर बांबूला अँटेना बांधली, आणि ती फिरवायला मला बांधलं म्हटलं तरी चालेल. दर शनिवारी संध्याकाळी एक खेळ लागायचा, 'घंटेच्या आत' नावाचा. सवाल विचारायचे, घंटा वाजायच्या आत जवाब द्यायचा, असा. शेठ, शेठाणी, पाहुणे खाली दिवाणखान्यात आणि मी वर शेवाळलेल्या कौलांवर. खालून शेठ ओरडणार, "रामू, थोडा लेफ्टला!" (माझं नाव रामू नाही. पण शेठ सगळ्या माळ्यांना रामूच म्हणतात, आणि मी घाबरून पहिल्या दिवशीच ओ दिली, ती दिलीच.) मला वर काय कळायचं, तर कुणीतरी काहीतरी विचारलं, मग शांतता, मग टण्ण, मग शेठाणींचं हळहळणं. तेवढ्या शांततेत मी बांबू घट्ट धरायचो, की खाली कुणीतरी बिचारा उभा आहे आणि त्याला येत नाहीये. त्या खेळाचं चित्र मी एकदाही पाहिलेलं नाही. काही महिन्यांनी मुंबईवाल्यांनी तो बंद केला आणि मी देवाला नारळ वाढवला.

पुढे यंदा काय झालं, तर बाजारातल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष सीतारामशेठ, ज्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, त्यांनी बैठकीत जाहीर केलं की ऑर्केस्ट्रा नको, नकला नकोत, आजच्या पब्लिकला तेच तेच चालत नाही. टीव्हीवरचा तो गाजलेला जुना खेळ, जो मुंबईला चालवता आला नाही, तो आपण आपल्या स्टेजवर नव्या रूपात उभा करायचा. (चार वर्षांपूर्वीच्या खेळाला ते जुना म्हणाले, तेव्हा मी माझ्या लग्नातल्या टोपीला हात लावून बघितला.) मग प्रश्न आला, हा खेळ पाहिलाय कुणी? तर मागून कुणीतरी सांगितलं, की बंगल्यावरचा माळी दर शनिवारी टीव्हीपाशी असायचा. टीव्हीपाशी! मी खरं सांगायला उठलो होतो. पण तेवढ्यात सीतारामशेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात दिवसभर पहारी आणि घण उचलणारा आहे. मला 'नाही' म्हणायची भीती वाटते, आणि 'हो' म्हणून झाल्यावर त्याहून जास्त वाटते. अशा रीतीनं मी खेळप्रमुख झालो.

मग ते नियम विचारायला लागले. ऐकलेलं होतं तेवढं सांगितलं. जिथे ऐकलेलं संपलं तिथे घाबरून मान हलवली, आणि त्या मान हलवण्यातून मंडळानं पुढचे नियम तयार केले. सीतारामशेठ म्हणाले, आजच्या काळात बायका पुढे पाहिजेत, खेळ बायकांचाच ठेवू. मी मान हलवली. (त्यांच्या सौभाग्यवती कस्तुराबाई दांडग्या हुशार आहेत हे सगळ्या बैठकीला ठाऊक होतं. हे वाक्य मनातसुद्धा हळू वाचावं.) जवाब आला नाही तर तोच सवाल शेजारणीला द्यायचा का? मी मान हलवली. मुंबईची ती विजेची घंटा आपल्याकडे कुठली, तेव्हा शाळेसारखा रुळाचा तुकडा टांगला. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले बजरंगआबा घड्याळ आणि हातोडी घेऊन त्याच्यापाशी बसणार, अर्धं मिनिट झालं की ठोका द्यायचा, आणि ठोक्यानंतर जवाब धरायचा की नाही हे खेळप्रमुखानं ठरवायचं. यालाही मी मान हलवली, आबा. त्या दिवशी माझी मान कुणी धरून ठेवायला हवी होती.

आणि मग बक्षीस जाहीर झालं, शिलाई मशीन. पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. ते ऐकून तुमच्या बहिणीनं मला भीत भीत कसं विचारलं ते लिहायला आवडलं असतं, पण तिनं विचारलं नाही, सांगितलं. "माजं नाव घाला. तुमी नुस्तं सवाल इचारा, जवाब माजं मी बगते." आबा, तुम्हाला माहीत आहे, ती दोन बंगल्यांवर भांडी घासते. पावसाळाभर तिचे हात राखेनं आणि पाण्यानं फुटतात, संध्याकाळी ती त्यांना तेल लावते आणि मी दुसरीकडे बघतो. शिवण तिनं शेजारच्या बायडाबाईच्या मशीनवर शिकून घेतलं आहे. हात इतका बसलाय की बायडाबाईची गिऱ्हाइकं आता तिलाच माप देतात. मशीन घरात आलं की भांडी सुटली, हा सरळ हिशेब होता. हे असं काही घरावर येऊन ठेपलं की दुसऱ्या माणसाला हुरूप येतो. मला ताप आला.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण ते तुम्हाला ती सांगू शकणार नाही, तिला ते माहीतच नाही. सवाल काढायचं काम माझ्याकडे होतं. ते चिठ्ठ्यांवर लिहून डालड्याच्या डब्यात टाकायचे आणि स्टेजवर एकेक चिठ्ठी उचलायची. मला धास्ती अशी, की तिच्या वाटणीला नेमका बोगद्यांचा नाहीतर धरणाच्या उंचीचा सवाल आला तर? (ती माझ्याहून हुशार आहे. पण भीतीला हे कळत नाही.) तेव्हा मी ठरवलं, की तिच्यासाठी एक चिठ्ठी टोपीच्या घडीत वेगळी ठेवायची. सवाल असा पाहिजे की तो तिला येणारच, पण इतकाही सोपा नको की लोकांना संशय यावा. गाईला पाय किती, हे चालणार नव्हतं. बंगल्याच्या गुलाबांना पाणी घालता घालता मी विचार करकरून घामाघूम झालो, आणि शेवटी सापडला. रामाच्या वडलांचं नाव काय? वा! देवाधर्माचा सवाल, उत्सवात शोभणारा, आणि देवळात बसणाऱ्या कुठल्याही बाईला झोपेत विचारला तरी येणारा. मी खूश होऊन टोपी घातली.

तुम्ही हसलात का रागावलात ते मला इथून दिसत नाही. पण आबा, माझी शपथ, माझ्या ध्यानातच आलं नाही! शेठ मला रामू म्हणतात. गावात मला माळीबुवा म्हणतात. मंडळात खेळप्रमुख. आई होती तेव्हा ती बाळ्या म्हणायची. आणि ज्या घरात मी राहतो, त्या घरात लग्नानंतर ते नाव कुणाच्या तोंडातून निघालेलं नाही, कारण निघायचं असतं तर तिच्याच तोंडातून, आणि नवऱ्याचं नाव ती कसं घेईल? ते नाव असतं फक्त रेशनकार्डावर, आणि रेशन आणायला ती जाते. आपल्याच नावाचा माणसाला असा विसर पडतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याचीही आधीपासून भीती बाळगली असती.

खेळाच्या संध्याकाळी बाजारपेठ गच्च भरली होती. कर्णे विजेच्या खांबांना बांधलेले, एक तर थेट स्टेशनाकडे तोंड करून. मी स्टेजवर इतक्या येरझाऱ्या घालत होतो की फळ्यांचा आवाज माइकमधून येत होता. बाकीच्या बायकांची नावं मी खणखणीत पुकारली आणि तिच्या वेळी तोंडातून नुसतं "आणि... ह्या" एवढंच निघालं. (पब्लिक हसलं. तेवढ्यावर तरी मला शहाणपण यायला हवं होतं.) एकेक करत बायका गळाल्या, आणि शेवटच्या फेरीला राहिल्या कस्तुराबाई आणि तुमची बहीण. दोघींची बरोबरी. शेवटचा सवाल तिचा. मी डब्यात हात घातल्यासारखं केलं, कपाळाचा घाम पुसल्यासारखं केलं, आणि टोपीतली चिठ्ठी हातात घेऊन मोठ्यानं वाचली. सगळीकडून हलकं हसू आलं, की सुटली बाई, मशीन हिचंच. बजरंगआबांनी घड्याळावर डोळा ठेवला. आणि तुमच्या बहिणीनं माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मी तुम्हाला कसं सांगू? मला वाटलं ती बिचकली, तिला आठवत नाहीये. म्हणून मी माइकवरून धीर दिला, की घाबरू नका, अगदी रोजच्या ओळखीचं नाव आहे. तिनं डोळे मोठे केले. मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ आठवता तुम्ही ते. तिनं पदर तोंडात धरला. तेव्हा पुढच्या रांगेतून कुरवंड्याच्या सरूबाई, वय झालेली बाई, उठून उभ्या राहिल्या आणि माइक नसताना स्टेशनापर्यंत ऐकू जाईल अशा ओरडल्या, "आरं मुडद्या, तुजंच नाव हाय की त्ये! ती कशी घील?"

माझ्या हातातून माइक पडला. त्याचाही आवाज कर्ण्यांतून गेला. मग सगळं पब्लिक उठलं, बायका ओरडायला लागल्या, "उखाणा घे! सारजे, उखाणा घे! उखाण्यात चालतंय!" आणि खरंच की, आबा, आपल्यात वाट आहेच ना त्याला! तिनं पदर सोडला, मान ताठ केली आणि उखाणा सुरू केला. पण तुम्हाला तिचे उखाणे माहीत आहेत. एका ओळीत नवऱ्याला उरकून मोकळी होणारी ती नव्हे. तिनं धरलं थेट डोंगरापासून. "नागफणीच्या पायाशी कुरवंडं गाव, गावात घर, घराला ओटा, ओट्यावर पाट, पाटाम्होरं ताट, ताटात भात आंबेमोहोर, भातावर वाढते तूप..." उठलेलं पब्लिक परत खाली बसलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण हळूहळू येत माझ्याकडेच होती. मी आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर उभा राहून घाबरायचं विसरलो. आणि तुपापाशी टण्ण झालं.

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. निकाल माझा होता. सीतारामशेठ पुढच्या रांगेत मिशीला हात लावून बसलेले. माझ्या हातात ती चिठ्ठी, घामानं ओली, टोपीची घडी पडलेली. मला वाटलं, मी 'धरलं' म्हटलं तर ते उठतील, म्हणतील बायकोला झुकतं माप देतो, म्हणतील बघू ती चिठ्ठी, डब्यातल्या चिठ्ठ्यांना घडी एक आणि हिला चार कशा? माझ्या मनात चोर होता, आबा. चोर नसता तर मी न्यायानं बोललो असतो. पण मी घाबरलो आणि म्हणालो, "वेळ संपली."

ती तशीच उभी राहिली, पुढचा शब्द ओठावर. मग तिनं तो गिळला. मी बघितलं गिळताना. नियमाप्रमाणे सवाल शेजारणीला गेला, आणि कस्तुराबाईंनी माइक हातात घेऊन, गिऱ्हाइकाला खिळ्यांचा भाव सांगावा तितक्या सहज सांगितलं, "दशरथ." सगळ्या कर्ण्यांतून. बाजारातून, स्टेशनातून, पार वलवणच्या बाजूला घुमलं. जे नाव माझ्या बायकोनं माझ्यासमोर लग्नात एकदा घेतलं होतं ते परक्या बाईच्या तोंडून आख्ख्या लोणावळ्यानं ऐकलं, त्याबद्दल टाळ्या वाजवल्या आणि तिला मशीन दिलं. तुमची बहीण स्टेजवरून उतरली ती घरी गेली, बोचकं बांधलं आणि सकाळच्या गाडीनं निघाली. मी दारात उभा होतो. मला विचारायचं होतं, कुठे चाललीस. पण जवाब काय येईल या भीतीनं विचारलं नाही.

त्यानंतर मी बजरंगआबांकडे गेलो. म्हटलं, बजरंगआबा, तुमचा ठोका तुपावर पडला, नाव अजून यायचं होतं, माझं काय चुकलं? ते शांतपणे तंबाखू मळत होते. म्हणाले, "ठोका माजा, निकाल तुमचा. आमच्या रेल्वेत गाडी फलाटावरनं वेळेत हालली की वेळेवर सुटली आसं धरत्यात. शेवटचा डबा भाईर पडायची वाट बगत न्हाईत. बाई बोलाय लागली व्हती की." मी म्हटलं, हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "मला कुटं इचारलं?" खरं आहे. मला कुणालाच काही विचारायचा धीर होत नाही.

तर आबा, ही सगळी हकिगत अशी आहे. बाजारात आता पोरंसोरं मला नावानं हाक मारतात, शेठलासुद्धा मुंबईत कळलं आणि त्यांनी फोनवर 'दशरथ' म्हटलं. मी ओ दिली नाही, मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावतायत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्रात काही वेडंवाकडं असेल तर ते भीतीनं लिहिलं आहे असं समजून पोटात घालावं.

तुमचा, सगळ्यात लहान होऊन,
दशरथ

ता.क. मी तिला पाठवा असं म्हणत नाही. तिला हवं तितकं राहू दे, माहेर आहे तिचं. इथे माझं उत्तम चाललं आहे. भात रोज होतो. कसा होतो हे लिहायची गरज नाही.

ता.क. दुसरा. वरचा ताजा कलम खोटा आहे. आज सकाळी मी सीतारामशेठच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं, की चिठ्ठी टोपीतली होती. (मरण येतं का बघावं म्हणून डोळे मिटून सांगितलं. आलं नाही.) मोठा दंगा झाला. शेवटी असं ठरलं, की नवरात्रात शेवटची फेरी पुन्हा खेळायची, सवाल बजरंगआबा काढणार, आणि मला खेळप्रमुख पदावरून काढलं आहे. ही मला यंदा मिळालेली पहिली चांगली बातमी. मशीन तोवर मंडळात झाकून ठेवलं आहे. तेवढं तिला सांगा. पण हेही सांगा, की मशीन मिळालं नाही तरी चालेल. घरात ती नाही तर मला घराची भीती वाटते.

ता.क. तिसरा (पेन्सिलीनं, क्षमस्व). पत्रावर तिकीट नाही हे तुम्ही पाहिलंच असेल. पेटीत टाकायला गेलो आणि मनात आलं, की पत्र पोचेपर्यंत तिनं काही कायमचं ठरवून टाकलं तर? म्हणून तसाच गाडीत बसलो. पाण्याला निघालेल्या वहिनींच्या हातात हे पत्र देतो आहे. मी तुमच्या गोठ्यामागे करवंदीच्या जाळीशी उभा आहे. तुमचं कुत्रं समोर बसून माझ्याकडे बघतंय, त्याला आधी बांधा. तुम्ही बाहेर येऊ नका, तुमच्यासमोर मला बोलता येणार नाही. तिला फक्त मागच्या दाराशी यायला सांगा. नाव नको, उखाणा नको, नुसतं "अवो" म्हणाली तरी मी येतो. तिला हवा तितका वेळ घेऊ दे.